तारेचे भस्म

केसासारखी बारीक धातूची तार दोन टोकांच्या मध्ये ताणून बसवलेली आहे. तिच्याखाली पांढरा कागद पसरला आहे. साठवून ठेवलेली वीज एकदम तिच्यातून सोडली जाते. बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो, डोळे दिपवणारा लखलखाट होतो आणि पुढच्या क्षणी तार जागेवर नसते. तिचे तुकडे खाली पडलेले नसतात, ती वितळून ठिबकलेलीही नसते. कागदावर मात्र धुराच्या लोटासारखी एक रंगीत नक्षी उमटलेली असते. तारेचे जे काही उरले ते एवढेच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील हार्लेम शहरात हा प्रयोग वारंवार, वेगवेगळ्या धातूंवर, वेगवेगळ्या जाडीच्या तारांवर आणि वेगवेगळ्या वायूंमध्ये करण्यात आला. करणारे होते डॉ. मार्टिनुस व्हान मारुम. वीज हा त्या काळी युरोपातील श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील करमणुकीचा विषय होता. ठिणग्या काढून दाखवणे, पाहुण्यांचे केस उभे करणे, हातात हात धरून उभ्या राहिलेल्या माणसांना एकाच वेळी धक्का देणे, असले खेळ लोकप्रिय होते. व्हान मारुम यांच्याकडे तर जगातील सर्वांत मोठे खेळणे होते. पण त्यांनी त्या खेळण्याला प्रश्न विचारले आणि तारेच्या भस्मातून त्यांची उत्तरे वाचली. त्यांतील शेवटचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या यंत्राच्या विरोधात जाणारे होते. तेही त्यांनी लपवले नाही.

व्हान मारुम यांचा जन्म २० मार्च १७५० रोजी डेल्फ्ट येथे झाला. उच्च शिक्षण ग्रोनिंगेन विद्यापीठात झाले. तेथे पेट्रुस काम्पर हे नामांकित शरीरशास्त्रज्ञ त्यांचे गुरू होते. वैद्यक शिकत असतानाही तरुण मार्टिनुस यांचे मन वनस्पतींत रमलेले होते. झाडांच्या अंगात रस कसा वाहतो, तो वर कसा चढतो, प्राण्यांच्या रक्ताभिसरणाशी त्याचे काही साम्य आहे काय, या प्रश्नांनी त्यांना झपाटले होते. १७७३ मध्ये त्यांनी पदवीसाठी लिहिलेला प्रबंध याच विषयावरचा होता. त्याच वर्षी काम्पर विद्यापीठातून बाहेर पडले आणि वनस्पतिशास्त्राचे अध्यासन रिकामे झाले. ते आपल्याला मिळणार अशी व्हान मारुम यांची खात्री होती. ते दुसऱ्याला देण्यात आले.

तेवीस वर्षांच्या त्या मानी तरुणाला हा घाव फार खोल लागला. त्यांनी वनस्पतिशास्त्राकडे पाठ फिरवली आणि रागाच्या भरात विजेची वाट धरली. रागाने निवडलेला विषय सहसा फार काळ टिकत नाही. इथे तो टिकला. १७७६ मध्ये त्यांचे विद्युतीकरणावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी स्वतः बांधलेल्या एका यंत्राचे वर्णन होते. काचेऐवजी लाखेच्या तबकड्या वापरून आणि त्या पाऱ्यावर घासून वीज निर्माण करण्याची ती युक्ती होती. आपल्याकडे बांगड्यांना, खेळण्यांना आणि सोनारकामाला लागणारी लाख त्या काळी भारतातून जहाजांनी युरोपात जात असे, आणि तेथील वीज-अभ्यासकांच्या हाती ती एक उत्तम विद्युतरोधक ठरली होती.

त्याच वर्षी, १७७६ मध्ये, व्हान मारुम वैद्यकीचा व्यवसाय करण्यासाठी हार्लेमला आले. हे शहर त्यांच्या स्वभावाला मानवणारे होते. येथे विद्यापीठ नव्हते, पण हॉलंडची वैज्ञानिक संस्था होती. तिने पुढच्याच वर्षी आपल्या निसर्गवस्तूंच्या संग्रहाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. आणि येथे पीटर टेलर होते. टेलर हे रेशमी कापडाच्या व्यापारातून आणि सावकारीतून गबर झालेले, निपुत्रिक गृहस्थ. १७७८ मध्ये ते वारले तेव्हा त्यांची संपत्ती धर्म, कला आणि विज्ञान यांच्या वृद्धीसाठी एका न्यासाकडे आली. विश्वस्तांनी टेलर यांच्या घरामागे एक लंबवर्तुळाकार, वरून उजेड येणारा देखणा दिवाणखाना बांधला. १७८४ मध्ये तो पुरा झाला. व्हान मारुम संग्रहालयाचे संचालक झाले. एखाद्या संशोधकाला आयुष्यात एकदाच भेटावा असा हा योग होता. एका बाजूला भरलेली तिजोरी, दुसऱ्या बाजूला ती कशावर रिकामी करावी हे नेमके ठाऊक असलेला माणूस.

त्यांनी ती विजेच्या यंत्रावर खर्च करवली. ॲमस्टरडॅममध्ये जॉन कथबर्टसन नावाचा इंग्रज उपकरणकार होता. त्याच्याकडून व्हान मारुम यांनी तोवर कोणी पाहिले नव्हते असे घर्षणयंत्र बनवून घेतले. एकाच आसावर बसवलेल्या काचेच्या दोन तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ६५ इंच, म्हणजे सुमारे १.६५ मीटर. सामान्य माणसाच्या उंचीएवढे ते काचेचे चाक माणसांना जोर लावून फिरवावे लागे. चामड्याच्या गाद्यांवर काच घासली जाई आणि निर्माण होणारी वीज पितळी गोळ्यांच्या वाहकावर जमा होई. या यंत्रातून २४ इंच लांबीची ठिणगी निघे. आजच्या हिशेबाने हा दाब काही लाख व्होल्टचा होता. यंत्र चालू असताना हवेत एक विशिष्ट तीक्ष्ण वास येतो, हेही व्हान मारुम यांनी १७८५ मध्ये नोंदवले. तो ओझोन वायूचा वास होता. त्या वायूला नाव मिळण्यास आणखी ५५ वर्षे लागायची होती.

तथापि, लांब ठिणगी म्हणजे तार उडवण्याचे बळ नव्हे. यंत्राचा दाब प्रचंड असला तरी एका क्षणी त्यातून वाहणारी वीज थोडी असते. तार उडवायची तर ती साठवून एकदम सोडायला हवी. ही सोय हार्लेमपासून फार दूर नसलेल्या लायडन शहराने १७४६ मध्येच करून दिली होती. आतून आणि बाहेरून धातूचा पत्रा चिकटवलेली काचेची बरणी, हीच ती प्रसिद्ध लायडनची बरणी. आजच्या भाषेत धारित्र किंवा कपॅसिटर. एका बरणीने हाताला झटका बसतो. व्हान मारुम यांनी बरण्यांचा ताफाच उभा केला. पुढे त्यांची संख्या २२५ वर गेली आणि १७९० मध्ये १०० मोठ्या बरण्यांचा त्याहून बलवान संच तयार झाला. यंत्राने तो भरायचा आणि सगळ्या बरण्या एकाच क्षणी एका तारेतून रिकाम्या करायच्या. या संचाच्या झटक्याने लाकडाचा भक्कम ठोकळा उभा चिरत असे. अशा विजेपुढे तारेची काय कथा!

तारा उडवण्याचा मान मात्र पहिल्यांदा व्हान मारुम यांचा नव्हता. लंडनमधील एडवर्ड नेर्न या उपकरणकाराने १७७४ मध्येच बारीक तारा विजेने फुटतात हे दाखवले होते. व्हान मारुम यांचे वेगळेपण असे की, त्यांनी या चमत्काराला मापाचे साधन केले.

पहिला प्रश्न होता घरांवर पडणाऱ्या विजेचा. फ्रँकलिन यांच्या सूचनेनंतर युरोपात इमारतींवर धातूचे तडितरक्षक बसवण्यास प्रारंभ झाला होता, परंतु धातू कोणता असावा याबद्दल एकवाक्यता नव्हती. कोणी लोखंडाची साखळी लावी, कोणी शिशाची पट्टी. शिसे छपरांवर आधीपासूनच असे, वाकवायला सोपे आणि गंजतही नसे. आभाळातली वीज त्यातून जाताना काय होईल, हे बोलून ठरणारे नव्हते. व्हान मारुम यांनी निरनिराळ्या धातूंच्या अगदी सारख्या, १/३२ इंच जाडीच्या तारा घेतल्या आणि प्रत्येकीतून बरण्यांच्या संचाची तेवढीच वीज सोडली. किती लांबीची तार वितळते, एवढेच पाहायचे. शिशाची १२० इंच तार वितळली. कथलाचीही तितकीच. लोखंडाची ५ इंच. सोन्याची साडेतीन इंच. चांदी, तांबे आणि पितळ यांची पाव इंचही पुरती वितळली नाही.

दहा फूट आणि पाव इंच! या तफावतीला वादविवादाची गरज उरली नाही. ज्या शिशावर लोकांनी भरवसा ठेवला होता ते विजेच्या वाटेतून सर्वांत आधी नाहीसे होणारे होते आणि तांबे तग धरणारे होते. तडितरक्षक तांब्याचा असावा, हा व्हान मारुम यांचा निष्कर्ष होता. आज गावातल्या देवळाच्या कळसापासून उंच गृहसंकुलापर्यंत उतरणारी तांब्याची पट्टी पाहिली की, ती जुनी बेरीज अजून खोटी ठरली नाही हे ध्यानात येते.

असे का होते, हे सांगण्याइतके भौतिकशास्त्र त्या वेळी नव्हते. रोध ही कल्पना मोजमापासह मांडली जाण्यास आणखी काही दशके होती. आता त्याचा उलगडा करता येतो. विजेला जो धातू अधिक अडवतो तो अधिक तापतो. शिसे तांब्याच्या सुमारे बारा पट अडवणारे आहे. शिवाय शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तांब्याला १,०८५ अंश लागतात. दोन्ही दोष एकाच धातूत एकत्र आले की तार दहा फूट जाते, दोन्ही गुण एकत्र आले की पाव इंचावर थांबते. लोखंड विजेला बरेच अडवते, पण वितळायला फार उष्णता मागते. म्हणून ते मधल्या जागी राहिले. कथबर्टसननेही पुढे तारांवर पुष्कळ प्रयोग केले आणि बरण्यांत साठलेली वीज दुप्पट केली तर दुप्पट नव्हे, चौपट लांबीची तार जाते असे दाखवले. म्हणजे तारेची लांबी ही साठलेल्या ऊर्जेची मोजपट्टीच झाली.

तारेचा प्रत्यक्ष स्फोट ही याच्याही पुढची पायरी. वितळणे आणि उडणे यांत फरक आहे तो वेगाचा. झटका पुरेसा जोरदार असेल तर तार सेकंदाच्या काही लाखांश भागात वितळणबिंदू ओलांडते आणि उत्कलनबिंदूही गाठते. इतक्या थोड्या अवधीत तिला फुगायला सवड मिळत नाही, स्वतःच्याच जडत्वाने ती जागच्या जागी दाबून धरली जाते. धातू वायुरूप व्हायला लागला की विजेची वाट खुंटते, प्रवाह क्षणभर थबकतो. मग दाबलेली वाफ चहूबाजूंनी भडकून बाहेर पडते. तोच तो बंदुकीसारखा आवाज. बरण्यांत अजून वीज शिल्लक असेल तर ती विरळ झालेल्या तप्त वाफेतून पुन्हा वाट काढते आणि दुसरा, अधिक प्रखर लखलखाट होतो. डोळ्यांना दिसते ते मात्र एकच. या क्षणाचे पृथक्करण विसाव्या शतकात झाले. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेतील जॉन अँडरसन यांनी १९२० मध्ये अशा स्फोटांच्या प्रकाशाचे वर्णपट प्रसिद्ध केले, कारण त्या क्षणी तारेचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागालाही मागे टाकते आणि ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याला प्रयोगशाळेत असा तारा हवाच होता. त्यापूर्वी १८५७ मध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या तारा बरण्यांच्या विजेने उडवून सोन्याचे अतिसूक्ष्म कण मिळवले आणि त्यांचे रंग तपासले. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुबॉम्ब फुटला, तेव्हा त्याच्या सभोवतीची स्फोटके एकाच क्षणी पेटवण्याचे काम विजेने उडणाऱ्या बारीक तारांनीच केले होते. हार्लेमच्या दिवाणखान्यात याची कुणाला चाहूल असण्याचे कारण नव्हते.

व्हान मारुम यांना तारेच्या आवाजापेक्षा तिच्या धुरात अधिक रस होता. कारण त्याच धुरात त्या काळातील रसायनशास्त्रातले सर्वांत मोठे भांडण दडलेले होते. धातू तापवला की त्याचे भस्म होते, हे तर आपल्या वैद्यांनाही शतकानुशतके माहीत होते. भस्म का होते, हा प्रश्न होता. प्रचलित मत असे की, प्रत्येक धातूत फ्लॉजिस्टन नावाचे ज्वलनतत्त्व असते. तापवल्यावर ते निघून जाते आणि मागे उरते ते भस्म. पॅरिसचे आंत्वान लाव्हाझिए याच्या नेमके उलट सांगत होते. धातूतून काही जात नाही, हवेतला ऑक्सिजन येऊन त्याला मिळतो, म्हणूनच भस्माचे वजन धातूपेक्षा जास्त भरते.

व्हान मारुम फ्लॉजिस्टनच्या पंथात वाढलेले होते. १७८५ च्या उन्हाळ्यात ते पॅरिसला गेले. यंत्राच्या ख्यातीमुळे तेथील विद्वानांची दारे त्यांना उघडी होती. लाव्हाझिए आणि त्यांचे सहकारी यांच्याशी त्यांची दीर्घ चर्चा झाली. ते लगेच बदलले नाहीत. परतल्यावर तारांकडे वळले. तारा साध्या हवेत उडवल्या तर भस्म मिळत होते. ऑक्सिजन नसलेल्या वायूत त्याच तारा, तेवढ्याच विजेने उडवल्या तर धातूचा चुरा होत होता, भस्म मात्र होत नव्हते. आगीची उणीव नव्हती, विजेचा जोर तोच होता, एक ऑक्सिजन तेवढा नव्हता. भट्टीत मूस, कोळसा, धूर अशा दहा गोष्टी मध्ये येतात. विजेच्या झटक्यात तार आणि वायू यांच्याखेरीज कोणी तिसरा नसतो. म्हणून हा पुरावा त्यांना अधिक स्वच्छ वाटला असावा.

१७८७ मध्ये यंत्रावरील त्यांच्या ग्रंथाचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी त्याला लाव्हाझिए यांच्या सिद्धांताची रूपरेषा जोडली. फ्रान्सबाहेर नव्या रसायनशास्त्राचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या अगदी पहिल्या लेखनात तिची गणना होते. ज्या मतावर स्वतःचे शिक्षण झाले ते मत छापील पानावर सोडून देणे सोपे नसते. त्याच काळात इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांच्यासारखा थोर प्रयोगवीर फ्लॉजिस्टनला अखेरपर्यंत कवटाळून बसला, हे लक्षात घेतले की या पानांची किंमत कळते. व्हान मारुम एवढ्यावरच थांबले नाहीत. लाव्हाझिए यांचे पाण्याच्या घडणीचे प्रयोग अत्यंत महागड्या उपकरणांवर अवलंबून होते, त्यामुळे ते इतरांना करून पाहता येत नसत. त्यांनी त्यासाठी सोपे आणि पुष्कळ स्वस्त उपकरण तयार केले. टेलर यांच्या तिजोरीवर बसलेल्या माणसाने इतरांच्या रिकाम्या खिशाचा विचार करावा, हे विशेष म्हटले पाहिजे. लाव्हाझिए यांचा शिरच्छेद १७९४ च्या मे महिन्यात झाला. त्याच वर्षी व्हान मारुम हॉलंडच्या वैज्ञानिक संस्थेचे सचिव झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले.

सोडून दिलेले पहिले प्रेमही मधून मधून डोके वर काढत होते. बरण्यांची वीज त्यांनी शेराच्या जातीच्या चिकाळ वनस्पतींतून सोडून पाहिली. एरवी फांदी कापताच भळाभळा वाहणारा चीक विजेचा झटका बसलेल्या फांदीतून वाहत नाही, असे त्यांना आढळले. रस वाहतो तो नळीच्या स्वतःच्या आकुंचनाने, असा त्यांनी यावरून तर्क केला. ग्रोनिंगेनच्या प्रबंधातला प्रश्नच जणू वीस वर्षांनी हार्लेमच्या यंत्रासमोर येऊन उभा राहिला होता.

यानंतर आला तो इटलीचा आलेस्सांद्रो व्होल्टा. १८०० मध्ये व्होल्टा यांनी आपली चळत जाहीर केली. दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चकत्या, पुन्हा पुठ्ठा. फिरवायचे चाक नाही, घासायची काच नाही, तरी वीज अखंड वाहते. मात्र ती तीच वीज आहे काय, यावर वाद माजला. अनेकांच्या मते चळतीतला प्रवाह हा निराळाच, प्राण्यांच्या शरीराशी निगडित असा काही पदार्थ होता. तो घर्षणाच्या विजेहून वेगळा नाही हे सिद्ध करायचे तर घर्षणाची सर्वांत मोठी वीज जेथे आहे तेथेच जायला हवे. व्होल्टा यांनी १८०१ मध्ये आपल्या या जुन्या परिचिताला, व्हान मारुम यांना, पत्र लिहून तशी विनंती केली.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये व्हान मारुम आणि जर्मनीतील कील येथील प्राध्यापक क्रिस्टोफ प्फाफ यांनी हार्लेममध्ये प्रयोगांची मालिका केली. चळतीचे टोक बरण्यांच्या मोठ्या संचाला निमिषभर टेकवले. संच भरला, तोही चळतीच्याच दाबापर्यंत. यंत्राने भरलेल्या बरण्यांत आणि चळतीने भरलेल्या बरण्यांत त्या दाबाला काही भेद सापडेना. मग तारा आल्या. मोठ्या चकत्यांच्या चळतीने लोखंडाच्या तारा वितळल्या, आणि चकत्यांचे आकारमान वाढवले तशी वितळणाऱ्या तारेची लांबीही वाढली. निष्कर्ष स्पष्ट होता. वीज एकच आहे. घर्षणयंत्रात ती थोडी पण फार दाबाखाली असते, चळतीत दाब कमी पण प्रवाह विपुल.

व्होल्टा यांना हवे होते ते प्रमाणपत्र मिळाले. ते देणाऱ्याने मात्र त्यात आणखी एक गोष्ट मान्य केली होती. टेबलावर मावणारी ती ओली चळत प्रवाहाच्या बाबतीत जगातील सर्वांत मोठ्या विद्युतयंत्राला मागे टाकत होती. ज्या यंत्रावर एका श्रीमंत न्यासाची तिजोरी मोकळी झाली, ज्याची वर्णने युरोपभर वाचली गेली, ते यंत्र आता संशोधनाच्या आघाडीवर राहणार नव्हते. व्हान मारुम यांनी हे निकाल व्होल्टा यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपाने फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केले. त्यांत यंत्राची बाजू राखण्याचा प्रयत्न नाही. त्यानंतर विजेच्या संशोधनात त्यांनी मोठे असे काही केले नाही.

वय ५१ वर्षांचे होते आणि आयुष्य अजून पुष्कळ शिल्लक होते. संग्रहालयाची जीवाश्म आणि खनिजांची दालने त्यांनी वाढवली. १८०२ मध्ये त्यांनी एक वादग्रस्त सांगाडा संग्रहालयासाठी घेतला. स्वित्झर्लंडच्या योहान शॉइख्झर यांनी जलप्रलयात बुडालेल्या पापी मानवाचा म्हणून तो प्रसिद्ध केला होता. १८११ मध्ये जॉर्ज क्युव्हिए हार्लेमला आले आणि दगड कोरून त्यांनी दाखवून दिले की, हा मानव नव्हे, मोठा सॅलमँडर आहे. आपल्या दालनातील मौल्यवान वस्तूवर छिन्नी चालू देणे हेही व्हान मारुम यांच्या जुन्या वागण्याला धरूनच होते. त्याच वर्षी नेपोलियननेही संग्रहालयाला भेट दिली.

आणि ते झाडांकडे परतले. हार्लेमजवळ त्यांनी एक बाग विकत घेतली आणि तिचे नाव ठेवले प्लांटलुस्ट, म्हणजे वनस्पतींचा आनंद. दक्षिण आफ्रिकेतून आणवलेल्या कोरफडी आणि तत्सम मांसल पानांच्या वनस्पतींचा तेथील संग्रह जाणकारांत नावाजला गेला. विद्यापीठाने नाकारलेले अध्यासन त्यांनी असे स्वतःच्या जमिनीवर उभे केले. २६ डिसेंबर १८३७ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे हार्लेम येथे निधन झाले.

काचेच्या त्या दोन तबकड्यांचे यंत्र टेलर संग्रहालयात आजही उभे आहे, शेजारी लायडनच्या बरण्याही मांडलेल्या आहेत. यंत्रावरील ग्रंथाचे तीन भाग १७८५, १७८७ आणि १७९५ मध्ये निघाले. पानावर एका बाजूला डच आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंच मजकूर आहे. त्यांतील तारांच्या चित्रांपुढे वाचणाऱ्याचा हात थांबतो. उडालेल्या तारांनी कागदावर जे डाग सोडले, त्यांची ती जशीच्या तशी काढलेली रंगीत चित्रे आहेत. मध्यभागी तारेची जागा दाखवणारी एक सरळ रेघ आणि दोन्ही बाजूंना पिसाऱ्यासारखे पसरत गेलेले धातूचे भस्म.